आधीच्या कंपनीने काढलं होतं – मुलाखतीत नेमकं काय सांगावं?

घाटावरचा_टेस्टर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. पहिल्या कंपनीत सहा-सात वर्षं होतो, तिथून स्वतःहून बाहेर पडलो. दुसरीकडे वर्ष पुरं व्हायच्या आतच बिनसलं. घेताना ऑटोमेशनसाठी घेतलं, थोड्याच महिन्यांत तो प्रोजेक्ट गुंडाळला गेला आणि मला एका जुनाट बँकिंग प्रणालीच्या रात्रपाळीच्या सपोर्टला बसवलं. तिथली तिकिटं, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, काही वेळेत बंद होईनात. मग पीआयपी, म्हणजे कामगिरी सुधारायला दिलेली मुदत. मग एका शुक्रवारी एचआरने खोलीत बोलावून सांगितलं, "वैयक्तिक कारणास्तव असा राजीनामा टाक, रिलिव्हिंग लेटर स्वच्छ देतो." मी म्हटलं, मला कुठलंच वैयक्तिक कारण नाहीये. त्यांनी नोटीसचा पगार दिला आणि टर्मिनेशनचं पत्र हातात ठेवलं. पत्रात कारण आहे, 'अपेक्षित कामगिरी नाही'.

आता मुलाखती चालू आहेत. तांत्रिक फेरी निघते. एचआरच्या फेरीत "तिथून का निघालात?" आलं की मी त-त-प-प. एकदा सगळं खरं सांगितलं, पुढे फोनच नाही. एकदा "प्रोजेक्ट संपला" एवढंच म्हटलं, तर नंतर मनाला खात राहिलं. आणि आता एका कंपनीच्या फॉर्मात सरळच प्रश्न आहे : यापूर्वी तुम्हाला कधी सेवेतून कमी केले आहे का? हो / नाही.

कुणी यातून गेलंय का? टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्यांनीही लिहा, शिव्या चालतील.

चहाटळ
'नाही'वर टिक कर आणि खाली बारीक अक्षरात लिही : कमी नाही केलं, पूर्णच काढलं.

कोल्हापुरी_रस्सा
भावा, एक विचारू? राजीनामा टाकायला काय झालतं? कागद स्वच्छ मिळत होता. तत्त्वाचं ताट वाढून घेतलंस आणि आता उपाशी बसलायस.

मृण्मयी_क
मी टेबलाच्या पलीकडची. बरीच वर्षं भरतीत काढली, आधी एका एजन्सीत आणि आता एका कंपनीत. शिव्या देत नाही, पण सविस्तर लिहिते.

ऑफर दिल्यावर आमच्याकडे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन होतं. ते करणारी एजन्सी जुन्या कंपनीच्या एचआरला एक ठरावीक तक्ता पाठवते : रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, हुद्दा, पगार, काही येणी बाकी आहेत का, सोडण्याचं कारण, आणि 'या व्यक्तीला पुन्हा घ्याल का?' बऱ्याच मोठ्या कंपन्या तारखा आणि हुद्दा यापलीकडे काही भरतच नाहीत. काही मात्र सगळे रकाने इमानेइतबारे भरतात. तुमची कुठल्या जातीची आहे ते तुम्हाला आधी कळणार नाही, म्हणून ती भरणारच असं धरून चाला.

आमच्याकडे प्रकरण अडकतं ते उमेदवाराच्या फॉर्मात एक, मुलाखतीत दुसरं आणि जुन्या कंपनीच्या उत्तरात तिसरंच निघालं की. तिथे मग माझ्या हातात काही राहत नाही, ऑफर मागे घ्यावी लागते. सुरुवातीलाच "मला काढलं होतं" म्हणणारे आम्ही घेतलेले आहेत. सगळे नाही, पण घेतलेले आहेत.

तुम्ही एकदा खरं सांगितलंत आणि फोन आला नाही म्हणता. *किती* सांगितलंत? खरं सांगा.

घाटावरचा_टेस्टर
@मृण्मयी_क, साधारण पंधरा-वीस मिनिटं. मॅनेजरचा स्वभाव, रात्रपाळी, ऑनसाइटचं राजकारण, सगळंच.

चहाटळ
बाबौ. त्यांनी बिचाऱ्यांनी मध्ये चहा तरी विचारला का?

खडूस_काका
हे एचआरवाले इथे येऊन प्रामाणिकपणाची महती गाणारच. यांच्याच खोलीत ते 'वैयक्तिक कारणास्तव' लिहून घेतात ना? माझा सरळ सल्ला : ती नोकरी सीव्हीवर टाकूच नका. वर्षसुद्धा नाही झालेलं. "घरच्यांची आजारपणं होती, ब्रेक घेतला" म्हणा आणि मोकळे व्हा.

मृण्मयी_क
@खडूस_काका, टोमणा मान्य. सल्ला मात्र धोक्याचा आहे.

२०१४ पासून पीएफला यूएएन आहे, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा एक नंबर. एका यूएएनखाली सगळ्या कंपन्या रांगेत दिसतात, रुजू आणि बाहेर पडल्याच्या तारखांसकट. जॉइन होताना तोच नंबर तुम्ही आम्हाला देता. बहुतेक एजन्स्या सर्व्हिस हिस्टरी मागवतातच. २०२२ मध्ये मूनलायटिंगचा (एक नोकरी चालू असताना गुपचूप दुसरीकडे काम) गाजावाजा झाला, विप्रोने ३०० जणांना त्यावरून काढल्याचं स्वतः अध्यक्षांनी सांगितलं, तेव्हापासून तर जास्तच बारकाईने बघतात. पीएफ नसला तरी आयकर खात्याचं २६एएस विवरण आहे, त्यात कुणी टीडीएस कापला ते नावानिशी येतं. आणि त्याच आर्थिक वर्षात नवी नोकरी धरली आणि आधीचं उत्पन्न लपवलं, तर नव्या ठिकाणी कर कमी कापला जातो आणि रिटर्न भरताना एकदम भुर्दंड बसतो.

एक दिलासा : पीएफच्या त्या नोंदीत तारखा दिसतात, तुमच्या कामगिरीबद्दल काही नाही. म्हणजे नोकरी लपत नाही, पण ती कशी संपली ते सांगण्याचा पहिला मान तुमचाच.

वऱ्हाडी_वैनी
काका म्हणतात तसं आजारपण सांगायचं म्हणजे अजून मोठी गंमत हाय. आमच्या ओळखीतल्या एका पोराने वडिलांच्या बायपासचं कारण सांगितलं होतं. मॅनेजर चांगला माणूस निघाला, दर सोमवारी विचारायचा, बाबा कसे आहेत आता. बाबा इकडे रोज सकाळी अंबाझरीवर फिरायला. पोराले धड हसताबी येईना नं रडताबी.

जुना_पर्सोनेल
कोल्हापूरकरांचा प्रश्न महत्त्वाचा आहे, त्यावर कुणी नीट बोललं नाही.

मी चाकण-तळेगाव पट्ट्यात कारखान्यांत कार्मिक खात्यात आयुष्य काढलं. आता निवृत्त. असे राजीनामे मी घेतलेले आहेत, त्यामुळे ते का घेतात ते ठाऊक आहे. उमेदवारावर उपकार म्हणून नव्हे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचं सरासरी वेतन भरपाई, अशी तरतूद होती. वर्ष म्हणजे हिशेबाने २४० दिवस, म्हणून 'वर्षही झालं नाही' म्हणणाऱ्यांनी हजेरी मोजून बघावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, कपातीच्या भरपाईचं तत्त्व तिच्यातही आहे. राजीनामा दिलात की विषयच मिटला. भरपाई नाही, वाद नाही, कामगार आयुक्तांकडे जायची सोय जवळजवळ संपली. आयटीतली मंडळी "आम्ही कुठे कामगार" म्हणतात. पदनामावर ते ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय करता आणि हाताखालच्यांवर खरोखर अधिकार आहे का, यावर ठरतं.

तेव्हा टेस्टरसाहेबांनी राजीनामा न देऊन मूर्खपणा केला असं मी म्हणणार नाही. नोटीसचा पगार त्यामुळेच हाती आला. मात्र त्याची किंमत आज फॉर्मात मोजावी लागते, हेही खरं.

आणि दुसरी बाजू बघा. दबावाखाली राजीनामा दिलेला माणूस त्या रकान्यात 'नाही' लिहितो. कागदावर ते शंभर टक्के खरं. त्याला आपण खोटारडा म्हणत नाही. हे मात्र प्रामाणिक, आणि यांचीच पंचाईत.

कोल्हापुरी_रस्सा
पर्सोनेल साहेब, हे माहीत नव्हतं. ताटाचं वाक्य अर्धं मागं घेतो. अर्धं ठेवतो, पोट भरायचंच असतंय.

खडूस_काका
म्हणजे माझंच खरं झालं. ज्याला दबाव टाकून सही घ्यायचा अधिकार आहे, त्याच जातभाईंना खरं सांगायची सक्ती कुठून आली?

फ्रँकफर्टकर
इकडे जर्मनीत याच्या बरोबर उलटी तऱ्हा आहे, म्हणून लिहितो.

इथे प्रत्येक नोकरीनंतर कंपनीने लेखी प्रशस्तिपत्र द्यावंच लागतं, ते मागायचा कायदेशीर हक्क आहे. त्याला आर्बाइट्सत्सॉयग्निस म्हणतात. ते खरं असावं आणि शिवाय माणसाच्या पुढच्या वाटेत आडवं येणारं नसावं, असा न्यायालयांचा दंडक. मग कंपन्यांनी काय केलं? गोड वाक्यांची सांकेतिक भाषा तयार केली. "आमच्या संपूर्णतम समाधानाप्रमाणे नेहमीच काम केले" म्हणजे पहिला वर्ग. "आमच्या समाधानाप्रमाणे काम केले" म्हणजे जेमतेम पास. आणि "त्यांनी प्रयत्न केला" असं लिहिलं की माणूस नापास. शेवटच्या परिच्छेदात "स्वतःच्या इच्छेने जात आहेत" हे शब्द नसले, की वाचणारा समजून जातो.

आणि राजीनाम्याचं म्हणाल तर इथे सबळ कारणाशिवाय स्वतः राजीनामा दिला तर बेकारभत्ता साधारण १२ आठवडे रोखून धरतात. कंपनीने काढलेलं बरं, असं लोक उघड म्हणतात. काढल्याचं पत्र मिळाल्यावर तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात जाता येतं, बरेच जातात आणि तडजोडीत चांगल्या भाषेचं प्रशस्तिपत्र पदरात पाडून घेतात. म्हणजे टेस्टर इथे असता तर शहाणा ठरला असता.

अनघा_ठाणे
"त्यांनी प्रयत्न केला." सासूबाईंनी माझ्या पहिल्या पुरणपोळीला हेच प्रशस्तिपत्र दिलं होतं. सासूबाई चिपळूणच्या, जर्मनीशी काही संबंध नाही.

चहाटळ
आमच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकातला 'प्रयत्नशील आहे' हा शेरा आज तीस वर्षांनी कळला. आई फसली होती.

निवृत्त_कक्ष_अधिकारी
सरकारी नोकरीच्या इच्छुकांसाठी दोन ओळी, कारण तिथे नियम वेगळे. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये 'सेवेतून काढून टाकणे' आणि 'बडतर्फ करणे' या दोन निरनिराळ्या शिक्षा आहेत. पहिलीमुळे पुढच्या शासकीय नियुक्तीला बाध येत नाही, दुसरीमुळे सामान्यतः येतो. लोक दोन्ही एकच समजतात आणि साक्षांकन नमुन्यात (पूर्वेतिहास तपासणीसाठी भरायचा फॉर्म) भलतंच लिहून ठेवतात. तिथे माहिती दडवणे हेच सेवा संपुष्टात आणायचे स्वतंत्र कारण होऊ शकते. खासगी नोकरीतून कामगिरीवरून काढले असेल तर यातले काहीच लागू नाही. विचारले तर लिहावे, घाबरू नये.

एडिसनची_अनुजा
अमेरिकेत दर दुसरा माणूस यातून गेलाय. मोंटाना सोडलं तर इथे कारण न देताही काढू शकतात. जुन्या कंपनीला फोन केला तर बहुतेक एचआर तारखा आणि हुद्दा सांगून फोन ठेवतात, खटल्याची भीती. इथल्या आपल्या लोकांना त्या प्रश्नापेक्षा घड्याळ जास्त छळतं. एच-१बी या कामाच्या व्हिसावर असाल तर नोकरी गेल्यापासून इथे राहायला जास्तीत जास्त ६० दिवस.

एक निरीक्षण. गूगलने जानेवारी २०२३ मध्ये १२,००० लोक काढले तेव्हा "ले-ऑफमध्ये गेलो" म्हणायला कुणाला लाज वाटेनाशी झाली. पण मेटाने २०२५ च्या सुरुवातीला सुमारे ५ टक्के लोक कमी कामगिरीवाले म्हणून जाहीर सांगून काढले. माझ्या परिचयाचे दोघं त्यात होते, एकाच्या आधीच्या मूल्यमापनात सगळं चांगलं होतं. तेव्हा पत्रातला 'कामगिरी' हा शब्द वाचून मुलाखत घेणारा लगेच तुम्हाला नालायक ठरवतो असं नाही. तुम्ही तो शब्द ऐकून जे तोंड करता, ते तो बघतो.

वऱ्हाडी_वैनी
हे सगळं कंपन्यांचं झालं बाप्पा. सोसायटीत काय सांगावं ते सांगा! यांची नोकरी गेली होती तवा हे रोज डबा घेऊन नऊला घराबाहेर. खालच्या मजल्यावरच्या काकूंना कळू नये म्हणून. डबा बागेत खायचे. बागेत अजून तसेच तिघं भेटले, त्यांचा ग्रुप झाला. त्यातल्याच एकाच्या ओळखीनं यांना नोकरी लागली.

अनघा_ठाणे
वैनी, हे बेस्ट आहे. त्या बागेचं लोकेशन टाका.

आमच्याकडे दिराच्या लग्नाच्या वेळी हाच पेच होता. मुलीच्या वडिलांनी चहाच्या दुसऱ्या घोटाला विचारलं, "सध्या कुठे?" घरातले सगळे एकदम बिस्किटं पुढे करायला लागले. दीर शांतपणे म्हणाला, "मागची गेली, शोधतोय, महिन्याचा खर्च निघतोय." मुलीने होकार दिला. तिच्या वडिलांनी मात्र तीन वेळा फोन करून पगाराचं विचारलं.

चहाटळ
व्हेरिफिकेशन एजन्सीपेक्षा मुलीचे वडील कडक. त्यांना भरतीत घ्या.

पद्मजा_नाशिक
थोडं वेगळं विचारते. मला बाळंतपणाच्या रजेवर असतानाच काढलं. पत्रात 'पुनर्रचना' असं कारण. मुलाखतीत ते सांगितलं की पुढचा प्रश्न बाळ कोण सांभाळतं हाच असतो.

जुना_पर्सोनेल
ताई, रजेवर असताना काढणं मातृत्व लाभ कायदा, १९६१ च्या कलम १२ प्रमाणे बेकायदा होतं, आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते संरक्षण आहे. पत्र जपून ठेवा, वकील किंवा कामगार कार्यालय गाठा. उशीर करू नका. मुलाखतीत मात्र 'पुनर्रचनेत पद गेलं' एवढंच पुरे, ते त्यांनीच लिहून दिलंय. यावर वेगळा धागा काढा, इथे हरवून जाईल.

घाटावरचा_टेस्टर
सगळ्यांचे आभार. बायकोला फ्रँकफर्टकरांचा प्रतिसाद वाचून दाखवला, ती आता प्रत्येक गोष्टीला "त्यांनी प्रयत्न केला" म्हणते.

एक मसुदा केलाय. फाडा :

"मागच्या कंपनीत मला ऑटोमेशनसाठी घेतलं होतं. दुर्दैवाने क्लायंटने प्रोजेक्ट बंद केला. नंतर मला माझ्या इच्छेविरुद्ध वेगळ्या कामावर टाकलं, तिथे प्रशिक्षण मिळालं नाही, मॅनेजरच्या अपेक्षा अवास्तव होत्या आणि शेवटी कामगिरीचं कारण दाखवून माझी सेवा संपवली. मी राजीनामा द्यायला नकार दिला कारण मला खोटं लिहायचं नव्हतं. मी यातून खूप शिकलो."

मृण्मयी_क
फाडते. 'दुर्दैवाने', 'इच्छेविरुद्ध', 'अवास्तव', 'कारण दाखवून' हे चार शब्द काढा, त्यात अजून राग आहे. राजीनाम्याचं वाक्य पूर्ण काढा. तुम्ही चांगलं म्हणून सांगताय, ऐकणाऱ्याला वाटतं हा उद्या आपल्याशीही भांडेल. 'खूप शिकलो' तर दिवसातून दहा वेळा ऐकते मी.

जुना_पर्सोनेल
शेवटचं वाक्य काढा, त्याजागी काहीतरी *काम* सांगा. पहिल्या कंपनीत सहा-सात वर्षं होतात, तिथला मॅनेजर अजून बोलतो का तुमच्याशी? त्याचं नाव रेफरन्स म्हणून पुढे करा, त्याला आधी विचारून. अकरा महिन्यांच्या पत्रापुढे सात वर्षांचा माणूस उभा राहतो.

खडूस_काका
"काढलं" हा शब्द कुठे आहे त्यात? 'सेवा संपवली' काय! प्रामाणिकच व्हायचंय तर सरळ बोला की. मी अजूनही म्हणतो सांगू नका, पण सांगायचंच तर गुळमुळीत नको.

मृण्मयी_क
काकांशी चक्क सहमत. तारीख टिपून ठेवा.

घाटावरचा_टेस्टर
दुसरा मसुदा :

"मला ऑटोमेशनसाठी घेतलं होतं. तो प्रोजेक्ट बंद झाल्यावर बँकिंग सपोर्टवर गेलो. तिथलं तिकिटांचं उद्दिष्ट मला गाठता आलं नाही आणि कंपनीने मला काढलं. त्याआधी सात वर्षं ऑटोमेशनच केलंय, तिथल्या माझ्या मॅनेजरशी तुम्ही बोलू शकता. तुमच्याकडची ही जागा त्याच कामाची आहे म्हणून अर्ज केला."

कोल्हापुरी_रस्सा
जमलं की. अर्ध्या मिनिटात बोलून हुतंय. आता आरशापुढं म्हण, आणि म्हणून झालं की गप्प बस. पुढचा प्रश्न त्येंला विचारू दे.

एडिसनची_अनुजा
+१. गप्प बसणं सगळ्यात अवघड. ते शांत बसले की आपल्याला वाटतं अजून काहीतरी सांगायला हवं, आणि मग पुन्हा रात्रपाळी आणि ऑनसाइटचं राजकारण.

घाटावरचा_टेस्टर
फॉर्ममध्ये 'हो' केलं. खाली कारणासाठी एवढासा रकाना आहे. 'प्रोजेक्ट बंद, नव्या भूमिकेतील उद्दिष्ट गाठले नाही, कंपनीने सेवा समाप्त केली' एवढं बसलं. काका, रकान्यात 'काढलं' लिहायचा धीर झाला नाही, मुलाखतीत म्हणेन. एचआरची फेरी गुरुवारी आहे.

मृण्मयीताई, एक शेवटचं. ते टर्मिनेशनचं पत्र फॉर्मला आत्ताच जोडू का?

मृण्मयी_क
मागितलंय का? नसेल तर नको. रिलिव्हिंग लेटरच्या जागी ते व्हेरिफिकेशनच्या वेळी लागेल, तेव्हा द्या. आणि फुल अँड फायनलचा हिशेब, शेवटच्या सॅलरी स्लिपा आत्ताच डाउनलोड करून ठेवा, पोर्टलचं लॉगिन कधीही बंद होतं.

चहाटळ
गुरुवारी पंधरा मिनिटांच्या आत बाहेर आलास तर इथे लिही. नाही आलास तर चहा तुझ्याकडून.